रस्ता करण्याआधी रथाची वाट मोजा : नाशिक महापालिका आणि कुंभमेळा प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. अधिकारी, नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण
माहितीसाठी : पोलीस आयुक्तालय, श्री काळाराम संस्थान, दोन्ही रथांचे मानकरी

विषय : कामदा एकादशीच्या रथोत्सवाचा मार्ग आणि त्यावर होणारी सिंहस्थाची कामे

महोदय,

सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, अशा तारखा जाहीर झालेल्या आहेत. कोणते काम कधी संपवायचे याचा हिशेब आता या तारखांवरून मागे मोजत लावला जातो. या दोन तारखांच्या मध्ये नाशिककरांचा स्वतःचा एक दिवस येतो : चैत्र शुद्ध एकादशी, म्हणजे कामदा एकादशी. त्या दिवशी काळारामाच्या पूर्व दरवाजापासून गरुडरथ आणि रामरथ निघतात. २०२७ मध्ये हा दिवस एप्रिलच्या मध्यावर येतो, म्हणजे अमृतस्नानाला जेमतेम साडेतीन महिने उरलेले असताना. कामांची घाई सर्वात जास्त असते, रस्ते उकरलेले असतात, ठेकेदाराची माणसे रात्रंदिवस राबत असतात, नेमके तेव्हाच दोन लाकडी रथ या रस्त्यांवरून ओढत न्यायचे आहेत.

आमचे मागणे एकच आहे. पंचवटीतले आणि जुन्या गावठाणातले रस्ते, घाट, गटारे, वीजवाहिन्या यांचे नकाशे पक्के करण्याआधी रथाची वाट पावलापावलाने मोजून घ्या, आणि ती मोजमापे टेंडरमध्ये अट म्हणून घाला. काम झाल्यावर मानकऱ्यांना बोलावून ‘बघा, जमते का’ असे विचारू नका. तोवर काँक्रीट सुकलेले असते.

या आग्रहामागे इतिहास आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

आजचे काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधले, रामशेजच्या डोंगरातल्या काळ्या पाषाणात. रथाची परंपराही पेशवाईतलीच. रामरथाचे नाते सरदार रास्त्यांशी सांगितले जाते. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या लेक. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या नाशिकजवळ गंगापुरास राहिल्या. रास्त्यांचे नाव आजही रथाला चिकटून आहे, कारण रामरथ ओढण्याचा मान सरदार रास्ते आखाडा तालीम संघाकडे आहे आणि गरुडरथाचा मान अहिल्याराम व्यायामशाळेकडे. मान तालमींकडे असण्याला व्यवहाराचे कारणही आहे. रथ ओढायला नुसता जोर पुरत नाही, एका हाकेवर एकाच क्षणी थांबणारी माणसे लागतात, आणि तालमीत वर्षभर एकत्र घाम गाळणाऱ्यांना ती सवय असते.

रथांचा क्रमही ठरलेला आहे. पुढे पालखी, मग पादुका घेऊन गरुडरथ, त्यामागे उत्सवमूर्ती असलेला रामरथ. रामरथ गोदावरी ओलांडत नाही. तो नागचौक, लक्ष्मण झुला पूल, गणेशवाडी असा गौरी पटांगणाकडे येतो आणि पंचवटीच्या काठावरच थांबतो. गरुडरथ मात्र गाडगे महाराज पूल ओलांडून गावात जातो. नेहरू चौक, धुमाळ पॉइंट, मेनरोड, बोहरपट्टी, सराफ बाजार असे गाव फिरून तो पुन्हा नदीवर येतो. मग रामकुंडावर अवभृथ स्नान (उत्सवाच्या सांगतेचे स्नान) होते आणि मालवीय चौक, शनि चौकाकडून दोन्ही रथ मंदिराकडे परततात. म्हणजे ‘रथमार्ग’ हा एक रस्ता नसून दोन वेगवेगळ्या रथांच्या दोन वाटा आहेत. एक मोठ्या रथाची, बहुतेक नदीकाठाने जाणारी. दुसरी लहान रथाची, चढउतारांच्या आणि गल्ल्यांच्या गावातून जाणारी. आपल्या नकाशावर मिरवणुकीचा मार्ग एकाच लाल रेघेने दाखवलेला असेल, तर पहिली दुरुस्ती तिथेच करावी.

या इतिहासातले एक पान वगळून ही वाट सांगता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे मोठे आधारस्तंभ होते. मंदिराचे दरवाजे बंद केले गेले आणि सत्याग्रही चारही दरवाजांसमोर ठाण मांडून बसले. महिनाभराने, ९ एप्रिलला, रथाचा दिवस आला. स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून रथ ओढायचा, अशी तडजोड ठरली होती. ती पाळली गेली नाही. अस्पृश्य तरुणांचा हात दोराला लागण्याआधीच रथ पळवण्यात आला, अरुंद रस्त्यावर दगडफेक झाली आणि खुद्द बाबासाहेबांनाही मार लागला. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालू राहिला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. देशाच्या इतिहासात या रथाचा दोर एवढा महत्त्वाचा आहे. सिंहस्थासाठी पूर्व दरवाजाच्या परिसरात माहितीफलक लागणार असतील, तर त्यावर ओढेकर आणि रास्ते यांच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, २ मार्च आणि ९ एप्रिल १९३० असलेच पाहिजे. ते नसलेला फलक आम्हाला मान्य नाही.

आता रस्त्याबद्दल, कारण हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

लाकडी रथ आणि मोटारगाडी यांत मूलभूत फरक आहे. पारंपरिक रथाला रबरी टायर नसतो, स्प्रिंग नसते, इंजिन नसते. चाकाला लोखंडी धाव, म्हणजे घेराभोवती आवळलेली पट्टी, असते. खाली जमीन जशी असेल तसा धक्का धावेतून आऱ्यांत, आऱ्यांतून तुंब्यात (चाकाच्या मधल्या गाभ्यात) आणि तिथून आसात जातो. डांबरावरची दोन सेंटिमीटरची पायरी मोटारसायकलवाल्याला कळतही नाही. रथाचे काय होते ते आकड्यांत पाहा.

समजा, रथाचे वजन माणसांसह ३ टन आहे आणि चाकाचा व्यास १२० सेंटिमीटर. (खरे वजन चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून एकदा घ्यायलाच हवे, खालचे गणित पद्धत कळावी म्हणून आहे.) २० मीटरला १ मीटर चढणाऱ्या उतारावर रथ वर न्यायला केवळ चढापायी १५० किलोचा जास्तीचा ओढा लागतो. तालमीच्या पोरांना तो फार नाही. आता सपाट रस्त्यावर चाकापुढे ५ सेंटिमीटर उंचीची उभी कड येऊ द्या. एका चाकावर ७५० किलो भार धरला, तर ते एक चाक कडेवर चढवायला सव्वातीनशे किलोच्या वर ओढा लागतो. पुढची दोन्ही चाके एकदम अडली तर साडेसहाशे. कड फक्त २ सेंटिमीटरची असली तरी प्रत्येक चाकाला २०० किलोच्या आसपास लागतात. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या चढापेक्षा न दिसणारी कड जास्त जड जाते.

आणि खरा धोका ते चाक चढल्यानंतरचा असतो. अडलेला रथ हलवण्यासाठी शंभर हात पूर्ण ताकदीने ओढत असतात. चाक कडेवरून सुटले की तेवढ्या ओढ्याची गरज उरत नाही, पण माणसे तो लावतच असतात, म्हणून रथ एकदम पुढे झेप घेतो. कड एकाच बाजूच्या चाकाखाली असेल, तर झेप तिरपी जाते आणि रथाचे तोंड घरांच्या ओट्यांकडे वळते.

त्या वेळी रथासमोर बुवा असतात.

बाहेरगावहून आलेल्या अभियंत्यांना हे सांगितलेच पाहिजे. त्या वर्षी ज्यांची पाळी असते ते पुजारी, ज्यांना सारे नाशिक ‘बुवा’ म्हणते, मिरवणुकीत रथाकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून, हात जोडून उलटे चालतात. रामाला पाठ दाखवायची नाही म्हणून. सोबतीला आधार देणारी माणसे असतात, पण पाऊल त्यांचे त्यांनाच टाकावे लागते. उलटे चालणाऱ्या माणसाच्या पायाची आधी बोटे टेकतात आणि मग टाच खाली येते. पुढे चालताना आपण अडथळा दिसला की पाय उचलतो; उलटे चालताना टाच अडथळ्यावर आपटल्यावरच अडथळा कळतो, आणि तोवर अंगाचा भार मागे गेलेला असतो. चेंबरचे झाकण रस्त्यापेक्षा दोन बोटे वर असेल तर बरोबर टाच अडते. दोन बोटे खाली असेल तर पाय खड्ड्यात उतरून गुडघ्याला हिसका बसतो. अनवाणी पायाला तापलेले डांबर, सुटी खडी आणि पेव्हर ब्लॉकच्या फुटक्या कडा यांचा त्रास वेगळाच. या वाटेवरच्या प्रत्येक झाकणाची लेव्हल बुवांची टाच डोळ्यासमोर ठेवून लावावी, एवढे एक वाक्य आपल्या साइट इंजिनिअरच्या डायरीत लिहून घ्यावे, अशी हात जोडून विनंती आहे.

झाकणांची लेव्हल चुकते कशी, तेही पुन्हा पुन्हा दिसून आलेले आहे. डांबराचा नवा थर चढतो तो बहुधा जुना न खरवडता. प्रत्येक थराला रस्ता चार-पाच सेंटिमीटर उंच होतो. झाकण तिथेच राहते, म्हणजे खड्डा पडतो. मग कुणीतरी तक्रार करते, झाकणाभोवती सिमेंट लावून ते वर घेतले जाते आणि आता टेकडी होते. यावर उपाय ठरलेला आहे. आधी मशीनने जुना थर खरवडायचा, मग झाकणाची चौकट नव्या लेव्हलला बसवायची आणि शेवटी थर टाकायचा. तीन मीटरची सरळ पट्टी झाकणावर आडवी आणि उभी ठेवून पाहायचे. पट्टीखाली ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर ते काम मोजमापात धरायचे नाही. खरवडण्याचा दुसरा फायदा म्हणजे रस्ता वर चढत नाही, त्यामुळे रथाचा कळस आणि वरच्या तारा यांच्यातले अंतर दर सिंहस्थाला कमी होत जात नाही. जुन्या वाड्यांचे उंबरे रस्त्याच्या खाली जाणेही थांबते, पण तो विषय वेगळा.

सराफ बाजाराकडे विशेष लक्ष द्यावे. त्या भागाखालून सरस्वती नाला वाहतो, म्हणून तिथे चेंबरे आणि जाळ्या जास्त. गोदावरीला पूर आला की पाणी बाजारात शिरते आणि भराव खालून धुपतो. वरून रस्ता ठीक दिसतो आणि खाली पोकळी असते. पावसाळ्यानंतर आणि रथाआधी अशा जागा तपासल्या पाहिजेत. साधी रीत म्हणजे लोखंडी पहारेचा दांडा रस्त्यावर आपटत जाणे. पोकळीवर आवाज बदलतो. मशीन असेल तर त्याहून उत्तम. पाण्याच्या जाळीच्या पट्ट्या रथाच्या चालीला आडव्या बसवल्या पाहिजेत. उभ्या बसवल्या तर धाव दोन पट्ट्यांच्या फटीत उतरते आणि चाक तिथेच कैद होते. जाळी एकदा सिमेंटात बसली की फिरवता येत नाही, म्हणून हे नकाशातच ठरले पाहिजे.

पेव्हर ब्लॉकबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : रथाच्या वाटेवर ते नकोत. लोखंडी धाव अरुंद असते आणि शेकडो किलोंचा भार बोटभर लांबीच्या स्पर्शावर येतो. ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक वाळूच्या थरावर बसवले की धावेखाली एकेक ब्लॉक खचतो, शेजारच्याची कड वर येते आणि पुढच्या चाकाला आपणच पायरी तयार करून देतो. कुठे घालायचेच असतील, तर ८० मिलिमीटरचे, काँक्रीटच्या पायावर आणि दोन्ही कडांना पक्की कुंपणपट्टी देऊन. गुळगुळीत ग्रॅनाइट, पॉलिश केलेली फरशी, चकचकीत टाइल तर मुळीच नको. त्या दिवशी वाटेवर सडा पडतो, रांगोळ्या निघतात, फुलांचा खच पडतो. ओली रांगोळी आणि झेंडूच्या पाकळ्या पॉलिशच्या दगडावर तेलासारख्या निसरड्या होतात, आणि ओढणाऱ्याचा पाय घसरला तर मागून रथ येत असतो. टाकीचे घाव राखलेला काळा बसाल्ट हा या गावाचा दगड आहे. खरखरीत, टिकाऊ, रथालाही चालतो आणि अनवाणी पायालाही.

वळणांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. रथ गाडीसारखा वळत नाही, तो वळवावा लागतो. ५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद रथ चौकात जागच्या जागी फिरवायचा तर त्याचा कर्ण जवळजवळ ६ मीटर भरतो. तेवढे वर्तुळ मोकळे नसेल तर कुठला तरी कोपरा भिंतीला, खांबाला नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला घासणारच. दुसरी अडचण दोराची. दोर लांब, ओढणारे पुढे. रथ अजून चौकात पोचायचा असतो आणि ओढणारे कोपऱ्यापलीकडच्या गल्लीत शिरलेले असतात. दोर मग कोपऱ्याच्या घराला टेकतो आणि रथाला आतल्या भिंतीकडे खेचतो. अनुभवी मानकरी अशा वेळी ओढ थांबवतात, दोर ढिला सोडतात, माणसे वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणतात, आतल्या मागच्या चाकाखाली पाचर घालतात आणि छोट्या छोट्या हिसक्यांनी तोंड वळवतात. खान्देशात, जळगावच्या रथाला, या चाकाखालच्या लाकडाला मोगरी म्हणतात आणि ती लावणाऱ्या माणसाचा तिथे मोठा मान असतो. हे सगळे करायला चौकाच्या बाहेरच्या अंगाला माणसांना उभे राहायला जागा लागते. तिथेच आपण शोभेचा कारंजा, सेल्फी पॉइंट किंवा फुलझाडांच्या सिमेंटच्या कुंड्या बसवल्या, तर वळणाची सगळी युक्ती संपली. रथाच्या चौकात काहीही कायमचे उभारू नये. दुभाजक हवाच असेल तर काढता येणारा, जमिनीतल्या खोबणीत बसणारा असावा.

चढापेक्षा उतार वाईट, हे पुन्हा सांगावे लागते. गावातून नदीकडे येताना आणि रामकुंडाकडे उतरताना पुढचा दोर सैल पडतो, रथ स्वतःच पुढे सरकू लागतो. त्याला धरून ठेवायला मागे दुसरा दोर आणि चाकाजवळ पाचर घेतलेली दोन माणसे दोन्ही बाजूंनी लागतात. त्या माणसांना चाकाशेजारी निदान एक मीटर मोकळी जागा हवी; तिथे बॅरिकेड लावले की ती माणसे चाक आणि बॅरिकेडच्या मध्ये सापडतात. नदीकडे उतरणाऱ्या अरुंद गल्ल्यांत गर्दी कशी जिवावर बेतते हे २७ ऑगस्ट २००३ रोजी सरदार चौकाच्या परिसरात सिंहस्थाच्या गर्दीने दाखवून दिलेले आहे. तिथे कित्येक भाविकांचे प्राण गेले. रथाच्या उतारावर बॅरिकेड कुठे लावायचे ते पोलीस आणि मानकरी यांनी एकत्र, जागेवर, खडूने खुणा करून ठरवावे.

तारांचे काम तुलनेने सोपे आहे, आणि म्हणून ते शेवटच्या दिवसावर ढकलले जाते. एक बांबू घ्यावा, रथाच्या कळसापेक्षा हातभर उंच. आठ दिवस आधी तो उभा धरून पूर्ण वाट चालावी. जिथे अडेल तिथे नोंद करावी : महावितरणची तार, इंटरनेटची केबल, स्वागताची कमान, दुकानाचा पत्रा. मग आदल्या रात्री पुन्हा चालावे, कारण आठवड्यात नव्या केबली, नवे फ्लेक्स आणि रोषणाईच्या माळा टांगलेल्या असतात. सिंहस्थाच्या निधीतून या वाटेवरच्या सगळ्या वाहिन्या जमिनीखाली गेल्या तर फार मोठे काम होईल. पण मग त्या खोदाईचे चर नीट बुजवले पाहिजेत.

चरांबद्दल आमचा अनुभव सगळ्यात कडू आहे. गॅसवाहिनी, पाणी, ड्रेनेज, फायबर, प्रत्येकाचा चर वेगळा आणि प्रत्येकाचा ठेकेदार वेगळा. चर उकरलेल्या मातीनेच एका दमात भरला जातो, वर खडीचा थर पसरतो, आणि महिनाभरात तिथे रस्त्याला आडवी घळ पडते. रथाची दोन्ही चाके त्या घळीत एकदम उतरतात आणि पुढची कड चढता येत नाही. भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुम्मस (माती ठोकून दाबण्याचे अवजार) चालवून व्हायला हवा. कामदा एकादशीच्या आधी ४५ दिवस या वाटेवर नवा चर खोदायला परवानगीच देऊ नये, आणि आधीचे सर्व चर त्या दिवसापर्यंत डांबरासह पूर्ण असावेत. सिंहस्थाच्या धावपळीत हे अवघड आहे, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणूनच हा नियम आता, वर्क ऑर्डर निघण्याआधी, लेखी हवा.

एकदा काँक्रीट ओतले की काय होते, हे या गावाने पाहिलेले आहे. २००३ च्या सिंहस्थाआधी गोदापात्रात काँक्रीट झाले आणि जुनी कुंडे त्याखाली गेली. ती मोकळी व्हावीत म्हणून लोकांना पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागली. रथाच्या वाटेबाबत तशी वेळ येऊ देऊ नका.

संस्थान आणि दोन्ही तालमींनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आपुलकीने. पहिली, चाकांची. चैत्राच्या उन्हात लाकूड आकसते, आरे सैल होतात, धाव ढिली पडते. महिनाभर आधी प्रत्येक आऱ्यावर लाकडी हातोडी मारून आवाज ऐकावा. घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. धाव पुन्हा बसवायची तर ती तापवून फुगवावी लागते. दीड मीटर व्यासाची धाव ४०० अंशांनी तापली की तिचा घेर सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, आणि पाण्याने थंड करताच ती चाक आवळून धरते. हे काम येणारे सुतार आणि लोहार दरवर्षी कमी होत आहेत. ज्यांना ते येते त्यांच्याकडून तालमीतल्या दोन मुलांनी शिकून घ्यावे आणि त्याचे चित्रीकरण करून ठेवावे. दुसरी गोष्ट म्हणजे वही. दरवर्षी एक वही : रथ कोणत्या चौकात किती वाजता आला, कुठे किती वेळ अडला, का अडला, कोणता भाग बदलला, लाकूड कोणते वापरले, दोर किती जाडीचा होता. पाच वर्षांच्या अशा वह्या महापालिकेच्या टेबलावर ठेवल्या तर आमच्यासारख्यांना पत्रे लिहावी लागणार नाहीत. ढोलपथकांना मात्र आताच सांगून ठेवावे की रथापुढे निदान ३० मीटर जागा सोडायची. रथ मध्येच थांबवणे आणि पुन्हा हलवणे यातच माणसांचा सगळ्यात जास्त दम जातो, आणि पथक रिंगण धरून थांबले की रथालाही थांबावे लागते.

आता आपल्याकडून काय हवे ते. एक, दोन्ही रथांची मापे (लांबी, रुंदी, कळसापर्यंतची उंची, चाकांतले अंतर, प्रत्येक चाकावरचा भार) संस्थानच्या परवानगीने एकदा शास्त्रशुद्ध घ्यावीत. दोन, दोन्ही वाटांचा १:२०० प्रमाणाचा नकाशा करावा. त्यात प्रत्येक झाकण, जाळी, खांब, उतार आणि सर्वात अरुंद जागेची रुंदी असावी. तीन, तो नकाशा शहराच्या वारसा यादीला जोडावा, म्हणजे सिंहस्थानंतर येणाऱ्या अधिकाऱ्यालाही तो टाळता येणार नाही. चार, या वाटेवरच्या कोणत्याही कामाचे अंतिम बिल दोन्ही तालमींच्या प्रतिनिधींनी चाल पाहून सही केल्याशिवाय निघू नये. या चारांपैकी खर्चाचे म्हणावे असे काम फक्त दुसरे, आणि तेही आपल्या सर्वेक्षण पथकाच्या काही दिवसांच्या कामाएवढेच.

पहिली पाहणी पहाटे पाचला ठेवावी. तेव्हा मेनरोडला हातगाड्या नसतात, सराफ बाजाराची शटरे बंद असतात आणि पूर्ण रुंदी मोकळी मिळते. पूर्व दरवाजापासून सुरुवात करू. आपल्या अभियंत्यांनी तीन मीटरची सरळ पट्टी, ३० मीटरचा टेप, लेव्हल मशीन आणि पांढरा ऑइलपेंट आणावा. बांबू आणि दोर आम्ही आणतो. गरुडरथाची वाट गाव फिरून रामकुंडापर्यंत मोजायला दोन पहाटा लागतील, रामरथाची एका पहाटेत होईल. तारीख आपण कळवावी.

आपले,
पंचवटी व जुन्या नाशकातले रथमार्गाचे अभ्यासक